पंधरा दारांची सुरी

एन्त्रीने सुरी कापडात गुंडाळून आणली आणि ओसरीवरच्या चटईवर मिंदूपुढे ठेवली, तेव्हा त्याचा चेहरा शाबासकी घ्यायला आधीच तयार होता.

“काकू, बघा. लाकूडवाल्यांच्या वर्कशॉपात मशीनवर लावून आणली. दोन मिनिटांत. तुम्ही सकाळची सकाळ दगडाशी घालवता.”

मिंदूने कापड उलगडलं. पातं आरशासारखं चकाकत होतं आणि धारेच्या कडेने, मुठीपासून टोकापर्यंत, निळीजांभळी रेघ उमटली होती. तिने पानाचा पितळी डबा ओढला, त्याच्या काठावर धार टेकवून हलकेच दाबली. धार ओल्या पुठ्ठ्यासारखी दुमडली आणि दुमडलेलीच राहिली.

“तापवून पाणी उतरवलंस तू हिचं,” ती म्हणाली. “मेली ही.”

“मेली कसली? चकाकतेय की!”

“मेलेला मासापण चकाकतो. कोणाला विचारून नेलीस?”

विचारलं नव्हतंच. ती मळ्यात गेली असताना त्याने चुलीवरच्या फळीवरून सुरी उचलली होती. भल्यासाठीच, असं तो म्हणाला, आणि ते खोटंही नसेल. एन्त्री तिच्या नवऱ्याचा पुतण्या. पाच वर्षं तेलविहिरींच्या शहरात काढून आलेला. येताना परवान्याची बंदूक, पिकअप गाडी आणि माणूस आत निजू शकेल एवढी बर्फाची पेटी घेऊन आला होता.

ती सुरी मिंदूच्या नवऱ्याने, उंचाटने, मोडक्या कानशीतून घडवलेली. मिंदूचं माहेर नदीच्या वरच्या अंगाला. तिच्या बापाला मुलगे नव्हते, म्हणून त्याने दहाव्या वर्षीच तिला रानडुकराचं पोट उघडायला बसवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच शिकारीत उंचाटने तिचा हात पाहिला आणि वाटणी करून टाकली: भाला माझा, पोट तुझं. इथल्या बायकांनी नाकं मुरडली, पुरुषांनी मोठमोठ्याने खाकरून दाखवलं. मग सगळ्यांनी ते मांस खाल्लं आणि गप्प बसले. त्याला आता बत्तीस वर्षं होत आली होती. उंचाट जाऊन चार. तो गेल्यावर तिने भालाही उचलला, कुत्रीही सांभाळली. मुलगी, सुलाऊ, दर फोनवर शहरात राहायला बोलवायची आणि मिंदू दर फोनवर विचारायची, “तुमच्या तिसऱ्या मजल्यावर माझी पाच कुत्री कुठे बांधू?”

घराला पंधरा दारं होती, एका लांब ओसरीवर ओळीने उघडणारी, प्रत्येक दारामागे एक कुटुंब. रानातून काही आलं की पंधरा वाटे व्हायचे. वाटे कोणी करायचे याची ह्या घराची रीत ठरलेली होती: ज्याच्या सुरीने पोट उघडलं, त्याने. गोळी कोणाची, भाला कोणाचा, ते नंतर. मिंदूचे वाटे तागडीत घातल्यासारखे असत. तिसऱ्या दारात दात नसलेले दोन म्हातारे होते, त्यांना पाठीच्या आतली मऊ पट्टी जायची. चौदाव्या दारातल्या जेलियाकडे रानात जाणारं कोणी उरलं नव्हतं, तिलाही इतरांइतकंच.

“ती गेली तर जाऊ द्या,” एन्त्रीने कमरेचं म्यान उघडलं. “ही बघा.”

जाड पातं, पाठीवर करवतीचे दात, टोकाशी उलटा आकडा, मुठीच्या बुडात होकायंत्र.

“हे कशाला?” मिंदूने होकायंत्रावर बोट ठेवलं.

“रानात दिशा कळायला.”

“तुला घरची वाट सापडत नाही होय रे?”

ओसरीवर हशा पिकला. एन्त्रीही हसला, पण हसू विझल्यावर जे बोलायचं होतं ते बोललाच. “काकू, छप्पन्न वर्षांच्या झालात. रानात वाकून बसायचं, रक्तात हात घालायचा, हे आता आमच्यावर सोडा.”

दोघातिघांनी माना डोलावल्या. मिंदूने घरातले सगळ्यांत वडीलधारे, बेलायोंग आजोबा, यांच्याकडे पाहिलं. ते तंबाखू वळत होते.

“सुरीच नाही, तर उघडणार कशाने?” आजोबा म्हणाले. “तोवर एन्त्री उघडेल. तुझी नवी आली की बघू.”

“बघू म्हणजे काय, आजोबा?”

“बघू म्हणजे बघू.”

चार दिवसांनी एन्त्रीने डुक्कर मारलं. वाटे त्याने केले. दोन्ही मागचे फरे, म्हणजे मांड्या, अख्खेच्या अख्खे बर्फाच्या पेटीत गेले. लाकूडवाल्यांच्या रस्त्यावर एक गिऱ्हाईक गाडी लावून उभं असतं, त्याला तुकडे चालत नाहीत, फरा अख्खा लागतो. तिसऱ्या दाराला बरगड्या मिळाल्या. जेलियाला कातड्याची पट्टी, केसांसकट. मिंदूच्या वाट्याला मानेचं मांस आलं. तिने ते आलं घालून शिजवलं, एक घास तोंडात टाकला आणि थुंकला. पित्त फुटलं होतं. पोट उघडताना आकड्याने पित्ताची पिशवी फाडली होती आणि मांस धुवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

तिने वाडगा उचलला. सकाळची वेळ, सगळं घर ओसरीवर भात निवडत, टोपल्या विणत बसलेलं. पंधरा दारांपैकी अकरा दारांसमोरून ती तो वाडगा दोन्ही हातांत धरून चालत गेली आणि एन्त्रीपुढे ठेवला.

“खा.”

“झालंय माझं, काकू.”

“घासभर खा. तू वाढलंयस, चव बघ.”

एन्त्री हलला नाही. त्याची बायको, रेंगी, कडेवरचं मूल सावरत पुढे झाली. तिने चिमूटभर तोंडात टाकलं, तोंड कडवट झालं, आणि ती ओसरीच्या कठड्यावरून खाली थुंकली. तिचा नवरा म्हणाला, “एखाद्या वेळी होतं असं.”

“बत्तीस वर्षांत माझ्याकडून कितीदा झालं? विचार की इथे कोणालाही.”

सगळ्यांचे हात पुन्हा भाताला, टोपल्यांना लागले. पण रीत रीतच होती, आणि मिंदूच्या फळीवर सुरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती नावेतून बाजारात उतरली. दुकानाच्या मालकाने, तौकेने, काचेचं कपाट उघडून अकरा सुऱ्या मांडल्या. तो तिला वीस वर्षं ओळखत होता, त्यामुळे त्याने बढाई मारायचे कष्ट घेतले नाहीत.

मिंदूने एकेक हातात घेतली. मूठ धरून तर्जनी पात्याच्या पाठीवर पसरायची आणि बोट टोकापर्यंत पोचतं का बघायचं. पोटाच्या आत डोळे जात नाहीत, बोट जातं. टोकावर बोट असलं तर आतडं आणि धार यांच्यामध्ये काहीतरी असतं. बोटाच्या पुढे गेलेली सुरी आंधळी. सात सुऱ्या तिथेच बाद झाल्या. उरलेल्या चारांच्या मुठी तिने आपल्या केसांच्या तेलाचा हात लावून धरल्या, तीन सटकल्या. चौथी नखाने वाजवली.

“डब्यासारखी वाजते,” ती म्हणाली.

“गंजत नाही पण,” तौके म्हणाला.

“गंजत नाही ते दगडालाही दाद देत नाही. धार गेली की गेली. मग मी काय करू हिचं? आरसा?”

“बाई, मग लोहार गाठा.”

“लोहार वारला गेल्या वर्षी. त्याच्या मुलाने मोबाइलचं दुकान टाकलंय.”

आतून मासे साफ करण्याचा आवाज येत होता. खस, खस, मग एक ओली ओढ. मिंदूने मान वळवली. तौकेची बायको मोरीत बसून भल्या मोठ्या माशाचं पोट उघडत होती, आणि तिच्या हातातली सुरी काळी पडलेली, वर्षानुवर्षं झिजून केळीच्या पानाच्या शिरेसारखी अरुंद झालेली होती. धारेत दोन खाचा होत्या. मिंदू सरळ आत गेली.

“ताई, जरा बघू.”

तिने हातात घेतली. तर्जनी टोकाला पोचली, वर अर्धं पेर उरलं. मूठ लाकडाची, दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटांनी खोलगट झालेली, पण ओल्या हातातही न हलणारी. तिने नखाने वाजवलं आणि पातं बराच वेळ बोलत राहिलं.

“ही द्या मला.”

“ही?” बायको हसली. “सासूची आहे. रोज पुसून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी तांबडी. मी तर कंटाळले हिला.”

मिंदू बाहेर आली, चारांतली सगळ्यांत चकचकीत सुरी पैसे देऊन विकत घेतली, परत आत गेली आणि ती तिच्या हातात ठेवली. अदलाबदल चुटकीसरशी झाली. तौके गल्ल्यावरून ओरडला, “अगं, माझ्याच दुकानातली सुरी माझ्याच घरात विकली हिने!”

“तुम्ही कधी आणली होतीत मला?” बायको आतूनच म्हणाली.

घरी पोचल्यावर खरी अडचण उभी राहिली. आदल्याच आठवड्यात दगडांचा सण झाला होता. शेतीचा हंगाम लागायच्या आधी पंधराही दारांचे धारेचे दगड ओसरीवर ओळीने बसवायचे, त्यांना भात, अंडं दाखवायचं, पितरांना हाक मारायची. ह्या घरात त्यानंतरचा नियम कडक होता: पहिलं बी जमिनीत पडेपर्यंत त्या दगडांवर शेताची हत्यारंच लागायची, कोयता आणि कुऱ्हाड. शिकारीची सुरी लावली तर पीक रुसतं. एरवी सगळे आधीच सुऱ्या लावून घेत. मिंदूनेही घेतली असती, पण तिची सुरी तोवर वर्कशॉपात मेली होती.

“आता बी पडेपर्यंत थांबा, काकू,” एन्त्री कठड्याला रेलून म्हणाला. आवाज गोड होता. “महिन्याचा तर प्रश्न. नियम मोडायचा म्हणजे पंधरा दारांच्या भाताशी खेळ. मी नाही, आजोबाच म्हणतील.”

“आजोबांच्या तोंडात शब्द घालू नकोस, त्यांच्या तोंडात आधीच तंबाखू आहे,” मिंदू म्हणाली.

महिन्याभरात रीत बदलली असती. एकदा सगळ्यांना कातड्याच्या पट्टीची सवय झाली की वाटे मागायचे असतात हेच विसरलं जाईल. ते तिला पक्कं ठाऊक होतं.

ती धबधब्याखाली गेली आणि पाण्यातून एक करडा, सपाट दगड उचलून आणला. तो कुठल्याही सणाला बसलेला नव्हता, कोणी त्याला हाक मारलेली नव्हती. ओसरीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी बसून तिने खाचा काढायला घेतल्या. पात्याची पाठ करंगळी शिरेल न शिरेल एवढी उचललेली, धार पुढे, जणू दगडाची साल काढायचीय. मुठीकडून टोकाकडे. पाणी. पुन्हा. करडा चिखल झाला की पुसायचा नाही, तोच काम करतो. खाचा गेल्या, पण धार खडबडीत राहिली; नदीचा दगड भरडा होता. कोंबडीची मान कापेल, पोट उघडणार नाही.

ती उठून खोलीत गेली. आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. जेलिया दारातून डोकावली आणि किंचाळली.

“सुलाऊच्या आई! काय करतेस!”

मिंदूने उंचाटच्या आजीचा रांजण तांदळाच्या पोत्यांवर उलटा केला होता. त्याच्या अंगभर चार नाग एकमेकांच्या मागे धावत होते, आता डोकी खाली करून. पाच डुकरं आणि एक मोठी घंटा देऊन आणलेला रांजण. लग्नात दाखवायचा, एरवी कोणी हात लावायचा नाही.

“पितरांचं बूड वर केलंस की गं!” जेलिया म्हणाली.

“बुडाला झिलई नसते. एवढीच जागा उघडी आहे ह्या बाईची, आणि साऱ्या घरात एवढा बारीक दगड दुसरा नाही. तू चहाच्या बशीच्या बुडावर विळी लावतेसच की.”

“बशी आणि हे एकच का?”

“मातीच ना दोन्ही? ये, धर. हलतोय.”

जेलियाने आधी दार लावलं. मग रांजण पोटाशी धरला, आणि धरल्यावर तिला हसू फुटलं, इतकं की नागही हलायला लागले. “आजी वर बसून बघत असेल.”

“बघू दे. तिच्या वाट्याचं मांसपण आता बर्फाच्या पेटीत जातंय.”

मिंदूने पातं रांजणाच्या गोल कडेवरून फिरवलं. आता जोर नाही, पात्याचं वजनच पुरे. अंगठ्याच्या मांसल भागाने पलीकडची बाजू चाचपली. केसाएवढी कड उलटली होती. मग दुसऱ्या बाजूने. कड पुन्हा इकडे आली. एकेक ओढ हलकी करत नेली, शेवटी कड कुठल्याच बाजूला सापडेना. टोपलीच्या वेताच्या पट्ट्यावर पातं उलटंसुलटं ओढलं. आणि मग तिने टोक दगडावर ठेवून गोल घासून टाकलं.

“अगं, टोकच घालवलंस!” जेलिया हळहळली.

“टोक मारायला लागतं. मारायला भाला आहे.”

केळीची दोन पानं तिने एकावर एक पसरली, सुरी एकदाच ओढली. वरचं पान दोन तुकडे होऊन बाजूला झालं. खालच्यावर ओरखडाही नव्हता.

तीन दिवसांनी, दुपारी, कुत्र्यांनी ओढ्यात डुक्कर अडवलं. एन्त्रीची गोळी आधीच लागली होती, पण मांडीत. मिंदूची कुत्री, बेलांग, त्याच्या कानाला लोंबकळली आणि मिंदूने भाल्याने ते संपवलं. एन्त्री धापा टाकत आला, मागे आणखी दोघं आणि काठी टेकत बेलायोंग आजोबा, ज्यांना रानात यायचं खरं तर काही काम नव्हतं.

“गोळी माझी,” एन्त्री म्हणाला आणि आकड्याची सुरी काढून वाकला. आकडा पोटाच्या कातड्यात अडकला, दोन वीत चालला आणि केसाचरबीने भरून थांबला. त्याने हिसका दिला. पुन्हा हिसका दिला. त्या आकड्याला धार लावायला दगड आत शिरत नाही, म्हणून आणल्यापासून ती लावलेलीच नव्हती. कातडं फाटलं, पोट अजून बंदच.

“बाजूला हो,” मिंदू म्हणाली.

“होतंय, काकू.”

“उन्हात ठेवून होतं ते सडणं. हो बाजूला.”

तिने त्याच्या हो-नाहीची वाट पाहिली नाही. मागच्या पायावर पाय रोवला, बरगड्यांखाली बोटभर छेद घेतला, दोन बोटांनी कातडं वर उचललं आणि त्यांच्यामधून सुरी, धार आकाशाकडे करून, तर्जनीआड सरकवली. आवाज नवं कापड फाडल्यासारखा आला. पडदा बाजूने सोडवला, नरड्याशी हात घालून ओढ दिली आणि सगळा कोथळा एका गोळ्यात ओढ्याकाठच्या पानांवर उतरला, न फुटता, वाफाळत. पित्ताची हिरवी पिशवी तिने दोन बोटांत उचलून एन्त्रीच्या नाकासमोर धरली. अख्खी होती.

आजोबा खाली वाकून बघत होते. “ह्या सुरीला टोक कुठाय?”

“भाल्यावर आहे, आजोबा.”

“आणि लावलीस कशावर? दगड तर सणाचे.”

“सणाच्या दगडाला हात लावला नाही. रांजणाच्या बुडावर लावली.”

आजोबांचं तोंड उघडं राहिलं. मग ते बंद झालं, पण आत काहीतरी हलत होतं. “कुठल्या रांजणाच्या?”

“नागांच्या.”

“रांजणाबद्दल नियम नाहीये,” ते सावकाश म्हणाले. “कोणाला सुचलंच नव्हतं कधी.”

“झालं ना? उघडलंत ना?” एन्त्री पुढे आला. “आता फरे बाजूला ठेवा. गाडी रस्त्यावर उभी आहे. बाकीचं वाटा काय ते.”

मिंदूने मागचा फरा सांध्यातून सोडवला. एन्त्रीने घ्यायला हात पुढे केले. तिने तो त्याच्या हातात न देता पानांवर आडवा टाकला आणि सुरी त्यात घातली. एक तुकडा. दोन. तीन.

“काकू! अख्खा लागतो तो!”

“कोणाला?”

“माझी गोळी होती!”

“मांडीत होती. हे बघ, इथे,” तिने काळं पडलेलं मांस कापून कुत्र्यांपुढे फेकलं, “हे तुझ्या गोळीने वाया गेलं. बाकीचं पंधरा दारांचं. तुझंही दार आहे त्यात, बारावं.”

सात, आठ, नऊ. त्याने तिचं मनगट धरलं असतं, पण त्या मनगटापुढे ती सुरी होती आणि मागे आजोबा. दुसरा फराही तसाच गेला. शेवटी ओढ्याकाठी पंधरा पानांवर पंधरा ढीग उरले, प्रत्येकात फऱ्याचा एक तुकडा, आणि रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाने हात लावावा असं काहीच नव्हतं. एन्त्री बंदूक उचलून निघून गेला. होकायंत्राकडे न बघता.

संध्याकाळी, उजेड असतानाच, मिंदू ओसरीवरून वाटे देत निघाली. तिसऱ्या दाराला मऊ पट्टी. बाराव्या दारासमोर एन्त्री पाठ करून बसला होता. तिने पान त्याच्याशेजारी ठेवलं आणि पुढे सरकली.

“नकोय आम्हाला,” तो म्हणाला.

“मग टाकून दे. वाटा परत घ्यायची रीत नाही.”

जेलियाला देऊन ती परत फिरली तेव्हा पान तिथेच होतं, त्याच्याशेजारी, माशा बसायला लागलेल्या. ती थांबली नाही. तिच्या पाठीमागे दार करकरलं. रेंगी मूल कडेवर घेऊन बाहेर आली, वाकून पान उचललं, नाकाशी नेलं, आणि नवऱ्याच्या डोक्यावरून हाक मारली.

“काकू! खारवून ठेवीन म्हणते. मीठ आहे का जास्तीचं?”

“ये, घेऊन जा,” मिंदू म्हणाली. “आणि येताना तुझी ती भाजीची सुरी आण. रांजण अजून उलटाच आहे.”